हौ म्हणजे हो नव्हे

हैदराबादला जाऊन आल्यावर बिर्याणी, मोती आणि चारमिनार यांविषयी चार शब्द सांगितले नाहीत, तर आपण तिथे गेलो होतो यावर पुण्यात कुणी विश्वास ठेवत नाही. म्हणून आधीच सांगून टाकते. मी शाकाहारी आहे, मोती मला शोभत नाहीत, आणि चारमिनार मी ऑटोतून पाहिला, तोही अर्धाच, कारण ऑटोवाला "वो देखो" म्हणाला तेव्हा मी भलतीकडे बघत होते. मी गेले होते एका प्लास्टिकच्या नळीसाठी.

नळीकडे वळण्याआधी माझा धंदा सांगायला हवा. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि उरलेल्या वेळात नॅनो-नेटवर्किंगमध्ये संशोधन करते. रक्तातून फिरणारी, डोळ्यांना न दिसणारी यंत्रं पुढेमागे तयार होतील. त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल. एवढ्याशा यंत्राला मोबाइलसारखा अँटेना कुठून परवडणार? म्हणून ती रेणू सोडून बोलतील, असं आम्ही ठरवलं आहे. एका यंत्राने रेणूंची चिमूट सोडायची, दुसऱ्याने वाहत आलेली चिमूट ओळखायची. आली तर एक, नाही आली तर शून्य. अशी यंत्रं अजून झालेली नाहीत, पण ती कशी बोलतील यावर जगभरात ढिगाने लेख निघतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, पण आमच्या तुरी तर अजून पेरायच्याच आहेत.

या भांडणात माझंही एक मॉडेल आहे. लागोपाठच्या दोन चिमटींमध्ये किती वेळ सोडला तर निरोप नीट पोचेल, हे ते समीकरणांनी सांगतं. माझ्या हिशेबाने वेळ फारच थोडा लागतो, म्हणजे निरोप भराभर पाठवता येतात, आणि याच एका गोष्टीसाठी माझं नाव आमच्या छोट्याशा वर्तुळात घेतलं जातं. संगणकात मॉडेल झकास चालतं. अर्थात संगणकात काय चालत नाही?

प्रत्यक्षात ते कुणीच चालवलं नव्हतं. मग एका ऑनलाइन परिसंवादात मला रझिया भेटली. ती हैदराबादच्या एका विद्यापीठात शिकवते. नॅनो यंत्रं येईपर्यंत कशाला थांबायचं, असं म्हणून तिने तोच खेळ टेबलावर मांडला होता. रक्तवाहिनीऐवजी नळी, रक्ताऐवजी पाणी, रेणूंऐवजी लिंबूसत्त्व आणि दुसऱ्या टोकाला आंबटपणा मोजणारा सेन्सर. "आपका मॉडेल इसमें चला के देखती मैं," ती म्हणाली. पुढचे काही महिने मी तिला फोन करत होते. "रझिया, रीडिंग घेतलीस?" "हौ मॅडम." "मॉडेलशी जुळतात ना?" "हौ मॅडम." "मग तसं लिहू ना?" "हौ मॅडम." आकडे पाठव म्हटलं की म्हणायची, आप आओ, सामने दिखाती.

पुणेरी माणसाला याहून स्पष्ट होकार कुठे मिळतो? हैदराबादला एक कार्यशाळा भरणार होती. तिच्यासाठी मी निबंध पाठवला आणि शीर्षकातच 'प्रयोगाने शिक्कामोर्तब' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द घातले. खाली माझं नाव, रझियाचं नाव. माझा संशोधन प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की गुंडाळायचा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष त्या कार्यशाळेला येणार होते. प्रकल्प गुंडाळला तर माझी प्रयोगशाळा म्हणवणारी खोली परत स्टाफरूमचं अडगळघर होणार, हेही प्राचार्यांनी मला हसतहसत सांगून ठेवलं होतं. म्हणून दोन दिवस आधीच निघाले. आकडे घ्यायचे, आलेख लावायचे आणि ऐटीत उभं राहायचं, असा साधा बेत होता.

मलकपेठ

उतरले शकूमावशीकडे. ती आईची मावसबहीण. लग्न होऊन पुण्याहून हैदराबादच्या जुन्या मराठी घरात गेली. काकांच्या घराण्यात वकील, मास्तर आणि सरकारी नोकर यांखेरीज चौथी जात नाही. काका स्वतः वकिलीतून निवृत्त झालेत, पण उलटतपासणीतून अजून झालेले नाहीत. त्यांची मराठी ऐकायला मोठी गंमत वाटते. वाक्य मराठीत सुरू होतं, मध्ये उर्दूच्या घरी चहा पिऊन येतं आणि मग परत येतं.

"आलीस का, प्रोफेसरबाई!" काका दारातच म्हणाले. "परेशानी नाई ना झाली रस्त्यात?"

"हात-पाय धू आणि बस जेवाया," मावशी म्हणाली. "बाकी इत्मिनानसे सांग मंग."

ताटात खट्टी दाल होती. आमच्याकडे आमटीत चिंच पडली की पाठोपाठ गूळ पडतो, म्हणजे आधी चिमटा काढायचा आणि मग कुरवाळायचं. इथे कुरवाळणं नाही. वरण आंबट म्हणजे आंबट, आणि वर लसूण-मिरचीची फोडणी. मी तीनदा वाढून घेतलं. ताट उचलता उचलता मावशीने चहा दिला, मी लगेच घोट घेतला, तो तोंडाला भलताच लागला. "चिंच जाऊ दे की जिभेवरून," मावशी म्हणाली, "घाई काय आहे इतकी?" तेव्हा मी ते वाक्य कानाआड केलं.

त्याआधी जेवताना मी रझियाचं आणि माझ्या निबंधाचं कौतुक रंगवून सांगत होते. काकांनी विचारलं, "मंग ती बाई नक्की काय बोल्ली? आकडे जुळ्ले बोल्ली?"

"हौ म्हणाली."

काकांचा घास हातातच राहिला. त्यांनी मावशीकडे पाहिलं. "नुस्तं हौ?"

"नुसतं कशाला? दर वेळी हौ म्हणाली."

"शकू, सांग बाई हिला तूच."

मावशीने पदराला हात पुसले. "मंजू, हौ म्हंजे हो नाई गं. हौ म्हंजे ऐकू आलं. माझं नवं नवं लग्न झाल्तं तवा मी ह्यांना बोल्ले, दिवाळीला पुण्याला जाऊ, आईकडे. हे बोल्ले हौ. मी बॅग भरून बसले."

"मग?"

"मंग काय! दिवाळी गेली, संक्रांत गेली. बॅगेतल्या साड्यांना डांबरगोळ्यांचा वास लागला."

"मी ऐकलं होतं की," काका शांतपणे म्हणाले. "जाऊ कुठं बोल्लो होतो?"

ते दोघं हसत होते आणि मी मनात रझियाचे सगळे हौ मोजत होते. आमच्या विषयात याला पोच म्हणतात. एका संगणकाने दुसऱ्याला काही पाठवलं की दुसरा उलट कळवतो, मिळालं. मिळालं म्हणजे पटलं नव्हे, एवढंच काय, वाचलंही नव्हे. हे मी दर वर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवते, आणि परीक्षेत कुणी या दोहोंत घोळ घातला की निर्दयपणे मार्क कापते. मुलांना पोच शिकवते आणि मलाच पोच नाही, हे मावशीच्या जेवणाच्या टेबलावर सिद्ध झालं.

प्रयोगशाळा

रझिया पस्तिशीतली, पायात बूट, ओढणीची गाठ कमरेला, आणि बोलायला अतिशय गोड. प्रयोगशाळेत शिरल्याशिरल्या चहा आणि उस्मानिया बिस्किटं आली. मी बिस्किट हातात घेऊन उभ्याउभ्याच विचारलं, "रझिया, रीडिंग जुळतात की नाही?"

"बैठो मॅडम. चाय तो पियो."

"हो की नाही, तेवढं बोलो."

"बोलने से क्या होता? मैं दिखाती आपको." मग तिने टेबलाखाली वाकून पाहिलं आणि जीभ चावली. नळीला चीर गेली होती आणि खाली लहानसं तळं साचलं होतं. लिंबूसत्त्वही संपत आलं होतं. "चलो मॅडम," ती म्हणाली, "अफझलगंज जाके आते."

माझ्या संशोधनाचा निकाल ज्यावर अवलंबून होता ती वस्तू मिळते बाजारात, कुलरच्या पंपाशेजारी. हे मला आजवर ठाऊक नव्हतं, कारण संशोधनासाठी मी कधी काही ओलं हाताळलंच नव्हतं.

अफझलगंज

मुसी नदी दिसायच्या बरीच आधी तिचा वास आला. रेणूंनी पाठवलेला निरोप दूरवर कसा पोचतो यावर मी दोन लेख लिहिले आहेत, पण असं बोलकं उदाहरण मला सुचलं नव्हतं. ऑटोवाल्याने नाकाला रुमाल लावला. मी मात्र अभ्यास म्हणून थोडा वेळ हुंगून पाहिलं आणि मग मीही पदर लावला.

पलीकडचा बाजार म्हणजे पोती, हातगाड्या, मिरचीचा ठसका आणि सगळ्यांना एकाच वेळी वाट हवी. नळी लगेच मिळाली. लिंबूसत्त्वाच्या दुकानात मालकाने रझियाला ओळखलं. "इत्ता खट्टा किसकू लगता जी?" त्याने मला विचारलं. "शादी है क्या घर में?"

"नै, रिसर्च है," रझिया म्हणाली.

"अच्छा, अचार का?"

मी त्याला समजावून सांगायला सुरुवात केली. यंत्रं, रक्त, रेणू, निरोप. तो मान हलवत राहिला, "हौ, हौ, हौ" म्हणत राहिला, आणि शेवटी त्याने मोठ्या आपुलकीने विचारलं, "तो अचार कब डालते?" कालपर्यंत मी या माणसाला सगळं कळलं असं समजून बाहेर पडले असते.

परतताना लक्षात येत गेलं की या लोकांची बोली आपल्याला परकी का वाटत नाही. ते नक्को म्हणतात, तो आपलाच नको. ते ऐसाइच म्हणतात, त्यातला च आपलाच. शेजाऱ्याने कधीकाळी वाटीभर साखर नेलेली असावी आणि आपण त्याच्याच घरी तिचा शिरा खावा, तसं मला झालं. मी रझियाला हे सांगितलं. ती "हौ" म्हणाली. मी तिच्याकडे संशयाने पाहिलं.

पुन्हा प्रयोगशाळा

नवी नळी बसवताना ती माझ्या हातातून सटकली आणि लिंबूपाण्याची चिळकांडी माझ्या सुती साडीवर उडाली. लॅपटॉपवर रझियाने चपळाईने ओढणी टाकली म्हणून तो वाचला. मग तिने पंप लावला आणि विचारलं, "क्या भेजना मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "मराठीतला हो."

तिने 'हो' हा शब्द एक आणि शून्य यांत बसवला. एकला पंप नळीत आंबट पाणी सोडणार, शून्याला साधं. दोहोंमधला वेळ माझ्या मॉडेलने सांगितलेला. पंपाने टुक केलं. आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. रेघ सपाट होती, सपाट होती, आणि मग तिच्यावर हळूच एक उंचवटा आला. असे उंचवटे मी संगणकात लाखांनी काढले आहेत. पण हा खरा होता, ओला होता, या टोकाने सोडलेलं त्या टोकाला खरोखर पोचलं होतं. मला एकदम भरून आलं. रझियाला दिसू नये म्हणून मी साडीवरचा डाग पुसत बसले.

त्यानंतर सगळं बिघडलं. दुसरा उंचवटा पहिल्यावर चढला, तिसरा दुसऱ्यावर, आणि जिथे शून्य यायला हवं तिथेही रेघ खाली यायला तयार नव्हती. शेवटी पडद्यावर 'हो'च्या जागी एक चौकोन आणि एक प्रश्नचिन्ह उमटलं. पुन्हा पाठवलं. पुन्हा चौकोन, पुन्हा प्रश्नचिन्ह.

"पिछला खट्टा नली मेंइच रह जाता मॅडम," रझिया हळू आवाजात म्हणाली. "वो निकला नै, तब तक आप नया भेज देते. सेंसर परेशान हो जाता."

मला आंबट वरणावर घेतलेला चहा आठवला. माझ्या समीकरणांत आधीची चिमूट जवळजवळ लगेच विरून जाते, कारण ती लगेच विरली की गणित सुंदर सुटतं. नळीला माझ्या गणिताचं सौंदर्य कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट अफझलगंजातल्या नळीने एका दुपारी खोटी पाडली होती.

"अब देखो," रझिया म्हणाली. तिने मधला वेळ वाढवला, चांगला भरपूर वाढवला. पंपाने टुक केलं आणि मग काहीच केलं नाही. मी पुढे सरसावले तशी ती म्हणाली, "ठैरो मॅडम, पानी साफ होने दो." रेघ वर गेली, निवांत खाली आली, परत वर गेली. बराच वेळ गेला. बिस्किटं संपली. आणि पडद्यावर स्पष्ट अक्षरात 'हो' आलं.

मी खुर्चीत बसले. "रझिया, हे तुला आधीपासून माहीत था?"

"हौ."

"मग फोनवर का नाही बोली?" माझी हिंदी अशा वेळी पुरती पुण्याची होते.

"बोली ना मॅडम." ती खरोखर गोंधळली होती. "हर बार बोली. आप पूछे, जुळता क्या? मैं बोली, हौ मॅडम, मगर… मगर बोले तक आप दूसरी बात चालू कर देते. नै तो फोन रख देते."

मला ते सगळे फोन आठवले. हौ ऐकलं की माझं पुढचं वाक्य तयारच असे. तिचं आधीचं वाक्य नळीत असतानाच मी माझं नवं सोडत होते, आणि वर तिच्या 'मगर'चा पत्ता नाही म्हणून मजेत होते. माझं मॉडेल नळीवर चाललं नसेल, पण माझ्यावर ते अगदी तंतोतंत लागू होत होतं.

मग मी जे बोलले ते लिहायला लाज वाटते, पण बोलले खरी. मी म्हणाले, "असं करू. ही हळू पाठवलेली रीडिंग तेवढी दाखवू. निरोप पोचला हे खोटं नाही ना? शीर्षकही राहील, प्रकल्पही राहील."

रझियाने पंपाचं बटण बंद केलं. "नक्को," ती म्हणाली.

एवढंच. त्यापुढे मगर नव्हतं, मॅडम नव्हतं. हौचे अर्थ लावायला मला मावशी, काका आणि नळी लागली. नक्को मला तत्काळ कळलं. शेवटी शब्द आपलाच.

सभागृह

माझं भाषण जेवणानंतर होतं. जेवणात बगारा बैंगन, म्हणजे दाण्या-तिळाच्या रश्शातली जड वांगी, असल्यामुळे श्रोत्यांची अवस्था नाजूक होती. पहिल्या रांगेत समितीचे अध्यक्ष बसले होते आणि दर वाक्याला मान हलवत होते. त्या प्रवासात मी मान हलवणाऱ्यांविषयी बरीच शहाणी झाले होते, म्हणून हुरळले नाही. पहिल्याच चित्रावर मी जुनं शीर्षक ठेवलं आणि त्यावर आडवी रेघ मारली होती. मग चौकोन आणि प्रश्नचिन्ह दाखवलं. माझं मॉडेल कुठे चुकतं, का चुकतं, आणि ही चूक रझियाने कशी पकडली, ते सांगितलं. तिसऱ्या रांगेतली रझिया मुलीच्या स्नेहसंमेलनाला आल्यासारखी खूश दिसत होती.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, आपलं मॉडेल बरोबर नाही हे सांगायला आपण पुण्याहून आलात?"

"आले होते बरोबर आहे हे सांगायला," मी म्हणाले. "इथे आल्यावर कळलं."

सभागृहात थोडं हसू फुटलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "नोटेड."

संध्याकाळी मलकपेठेत मी काकांना विचारलं, वकील म्हणून तुमचं काय मत? नोटेड म्हणजे काय?

"इंग्रजी हौ," काका म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी वरण वाढायला मावशीला खूण केली. या खेपेला चहा मी खूप उशिरा घेतला. तो चहासारखा लागला.

पुणे

परत येऊन आता बरेच दिवस झाले. समितीकडून एक मेल आली आहे, 'आपल्या निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे.' प्राचार्य खोलीत डोकावून कपाटांची मापं डोळ्यांनी घेऊन जातात. प्रकल्पाचं काय होईल ते मला माहीत नाही, आणि माहीत नाही याची भीतीही वाटते. पण दरम्यान मी मॉडेल मोडून नव्याने मांडलं आहे. मागे राहिलेल्या आंबटपणाला त्यात आता जागा आहे. समीकरण पूर्वीइतकं देखणं राहिलेलं नाही. ते रझियाला पाठवलं आणि नळीत चालवून पाहा म्हटलं.

काल तिला फोन केला. "रझिया, नवीन मॉडेल चालवलंस?"

"हौ मॅडम."

"मग? जुळलं?"

"हौ मॅडम."

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर आलंच होतं. मी ते तिथेच धरलं. फोन कानाला लावून उभी राहिले. तिकडून पंपाची टुकटुक ऐकू येत होती. कुणीतरी तिला चहा आणून दिला, कपबशी वाजली. तिने एक घोट घेतला. मी थांबले होते.

"मगर," रझिया म्हणाली, आणि मी खुर्ची ओढून बसले.